कानस लागलेली गुंज

नोकरीतली बहुतेक वर्षं मी बियांना पाणी प्यायला लावण्यात घालवली. सरकारी कागदावर माझं पद वेगळं होतं, बरंच लांबलचक होतं, आणि ते मला स्वतःलाही एका दमात कधी म्हणता आलं नाही. पण कुणी विचारलं की बाई, तुम्ही नेमकं करत काय होता, तर खरं उत्तर हेच आहे. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या सरकारी रोपवाटिकांमध्ये मी झाडांच्या बिया उगवून द्यायचे. पपई, शेवगा असलं गुणी बियाणं नव्हे. माझ्या वाट्याला हट्टी मंडळी आली. साग, बहावा, हिरडा, खैर, रिठा.

ज्यांनी फक्त तूर आणि कपाशी पेरली आहे त्यांना हा हट्ट कळत नाही. तूर ओलीत टाकली की आठवड्यात वर डोकावते. बहाव्याची बी टाकून बघा. पावसाळा जाईल, हिवाळा जाईल, उन्हाळ्यात उकरून पाहाल तर तशीच तपकिरी, गुळगुळीत, जणू आत्ता शेंगेतून काढली. ती मेलेली नसते, झोपलेली असते. तिच्या अंगावरचं कवच पाण्याचा थेंब आत शिरू देत नाही. यात झाडाचा शहाणपणा आहे. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. एक चांगली सर येते आणि मग आभाळ असं कोरडं होतं की वावरातली ढेकळंसुद्धा वर बघत बसतात. पहिल्याच ओलीला भुलून सगळ्या बिया उठल्या तर सगळ्याच करपायच्या. म्हणून झाड काहींना पातळ कोट घालून पाठवतं, काहींना जाड. कुणी यंदा उठेल, कुणी दहा वर्षांनी. जंगलाला घाई नसते. रोपवाटिकेला असते, कारण जून लागला की ट्रॅक्टर दाराशी उभा राहतो आणि रोपं कुठंयत असं विचारतो.

मग आम्ही झोपमोड करायचो. प्रत्येक झाडाचं औषध निराळं. सागाची फळं रात्री भिजवायची, दिवसा उन्हात टाकायची, पुन्हा भिजवायची, असं त्यांचं कवच थकेपर्यंत करायचं. हिरडा शेणकाल्यात मुरवायचा. खैरावर गरम पाणी ओतायचं. काही बियांना तेजाबात घोळवतात, पण ते काम मी शक्य तितकं टाळलं. एका प्रयोगशाळेत तेजाबाने भोकं पडलेली टेबलं मी पाहिली होती, आणि आमच्या बाया अनवाणी काम करायच्या.

आमच्या बायांमध्ये रुक्माबाई सगळ्यात जुन्या. मी बार्शीटाकळीकडच्या रोपवाटिकेत रुजू झाले तेव्हा त्या तिथे होत्याच, आणि माझी बदली परतवाड्याकडे झाली तेव्हा त्याही लेकीच्या गावाजवळ पडतं म्हणून तिकडे आल्या. पिशव्या भरणं, पाणी देणं, निंदणं, सगळं रोजंदारीवर. त्यांना कायम करून घ्यावं म्हणून मी दर वर्षी वर लिहायचे आणि दर वर्षी उत्तर यायचं नाही. नोकरीत माझं जे काही राहून गेलं त्यात हे सगळ्यात वर आहे.

बार्शीटाकळीला आम्हाला बाभळीची रोपं हवी होती. बाभळीची बी शेळीच्या पोटातून आली की चांगली उगवते, हे खेड्यातल्या कुणालाही माहीत असतं. रवंथ करताना शेळी बी थुंकून टाकते, किंवा ती लेंडीतून पडते, आणि तोवर कवच बरंच नरमलेलं असतं. आम्ही गावातल्या एका शेळीवाल्याशी बोलणी केली. शेंगा आम्ही देणार, त्याच्या बकऱ्या त्या खाणार, आणि सकाळी वाड्यात पडलेल्या बिया आम्ही झाडून नेणार. त्याने पुष्कळ विचार केला आणि विचारलं, "शेंगा तुमच्या, बकऱ्या माह्या. मंग लेंड्या कोनाच्या?"

प्रश्न बिनतोड होता. लेंडीखताला भाव असतो. शेवटी लेंड्या त्याच्या आणि बिया आमच्या असा तह झाला, आणि रुक्माबाई रोज सकाळी चाळणी घेऊन वाटणी करायला जाऊ लागल्या. रोपं अशी दाट आली की पाहायला माणसं यायची. मग माझा उत्साह वाढला आणि मी बकऱ्यांना बहाव्याच्या शेंगा घातल्या. बहाव्याचा गर रेचक असतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या वेळी आठवलं नाही. शेळीवाला पुढचे काही दिवस माझ्याशी बोलला नाही आणि रुक्माबाई नाकाला पदर लावून चाळणी करत राहिल्या.

दुसरी गोष्ट आमच्याच विहारातली. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतल्या विहारासमोर बोधिवृक्ष लावायचं ठरलं तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. समितीचे अध्यक्ष गवई गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, मोठे टापटिपीचे. त्यांची इच्छा होती की विकतचं रोप आणू नये, जुन्या पिंपळाची बी घेऊन मी स्वतः उगवावं. पिंपळाची बी मोहरीहूनही बारीक, धुळीसारखी. ती मातीत पेरली की हरवते, वर टाकली की सुकते. मी दोन वेळा पेरली, दोन्ही वेळा काही आलं नाही. मग मी गुरुजींना सांगितलं की पाखरांनी फळ खाऊन भिंतीवर टाकलेली बी चांगली उगवते, तेव्हा आपण एखाद्या भिंतीतून आलेलं रोप काढून आणू.

गुरुजींचा चेहरा उतरला. भगवंताच्या झाडाची सुरुवात कावळ्याच्या शिटेतून व्हावी हे त्यांना पटेना. मी म्हटलं, गुरुजी, आजवर जेवढे पिंपळ उगवले त्यात माणसाचा हात फार थोडा आहे. मग ते हळूच म्हणाले, "आमच्या न्हाणीच्या भिंतीत एक येते दर सालाले. मी दर सालाले तोडतो."

त्याच न्हाणीच्या भिंतीतून आम्ही ते रोप मुळासकट काढलं. आज विहारासमोर त्याची सावली पडते. गुरुजी सगळ्यांना सांगतात की हे रोप त्यांच्या घरचं आहे, आणि ते खोटं नाही.

पण लिहायला बसले ती गोविंदरावांसाठी.

माझी शेवटची काही वर्षं परतवाड्याकडच्या रोपवाटिकेत गेली. एका उन्हाळ्यात दुपारच्या एसटीने एक वृद्ध गृहस्थ आले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. सावलीत टेकले, पाणी प्याले आणि नाव सांगितलं. गोविंदराव लोणकर, अचलपूरचे सोनार. पिढीजात दुकान होतं, आता धाकट्या मुलाने, सुनीलने, परतवाड्यात काचा लावलेलं दागिन्यांचं मोठं दुकान टाकलं होतं. मग त्यांनी खिशातून पितळी डबी काढली. आत सोनार वापरतात तो गुलाबी कागद, आणि त्यात लालभडक, टपोऱ्या, चकचकीत बिया. रतनगुंज.

रतनगुंज म्हणजे ती वेलीवरची काळ्या डोळ्याची छोटी गुंज नव्हे. हिचं मोठं झाड होतं, शेंगा पिळवटून फुटतात आणि आत अशा पूर्ण लाल बिया चिकटून असतात. जुने सोनार दोन्ही गुंजा वजनाला वापरायचे, कारण एकसारख्या निवडल्या की त्यांच्या वजनात फरक पडत नाही, आणि ओल धरत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं वजन बदलत नाही. डबीतल्या गुंजा गोविंदरावांच्या वडिलांनी निवडलेल्या होत्या. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रतनगुंजेचं झाड होतं, त्याच्याच. गल्ली रुंद झाली तेव्हा झाड गेलं. आता त्या जातीचं झाड अचलपुरात त्यांना कुठे दिसत नव्हतं, आणि डोळे मिटायच्या आत एक लावावं असं त्यांच्या मनात आलं होतं.

त्यांनी आधी स्वतः प्रयत्न केला होता. कुंडीत चार गुंजा पेरल्या, दोन पावसाळे पाणी घातलं. "मंग खोदून पाह्यलं. जशाच्या तशा. धुतल्या, पुसल्या अन् परत डबीत ठेवल्या," ते म्हणाले.

मी हसले नाही, कारण असे लोक माझ्याकडे नेहमी येत. मी त्यांना समजावलं की ही बी ओल धरत नाही म्हणून तुमच्या वडिलांनी ती वजनाला निवडली, आणि ओल धरत नाही म्हणूनच ती उगवत नाही. कवचाला कुठेतरी छेद दिला पाहिजे. शेंगेला चिकटलेली जागा असते, तिला आम्ही डोळा म्हणतो. त्याच्या बाजूला अंकुर असतो, म्हणून समोरच्या टोकाला किंचित घासायचं, आतला फिकट गर दिसला की थांबायचं. पाणी तिथून आत जातं.

माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी डबी मिटली होती. "गुंजीले कानस नाई लावायची," ते म्हणाले.

मला वाटलं, वडिलांची आठवण म्हणून जीव अडकला असेल. तसं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते मला नवीन होतं. त्यांच्या धंद्यात गुंजेला कानस लावणं म्हणजे चोरी. घासलेली गुंज हलकी होते, पारड्यात टाकली की गिऱ्हाईकाच्या वाट्याचं सोनं तेवढं कमी होतं. असे सोनार होते. त्यांच्या वडिलांचं नाव गावात कशासाठी होतं, तर लोकं त्यांच्या गुंजा हातात घेऊन बघायची आणि एकीवरही ओरखडा सापडायचा नाही. दुसऱ्या दुकानात घेतलेलं सोनंसुद्धा खात्रीसाठी त्यांच्याकडे मोजायला यायचं.

"त्यायच्या गुंजीले मी कानस लावू?" त्यांनी मला विचारलं. आवाज चढवला नव्हता.

मी दुसरा मार्ग सुचवला. उकळतं पाणी खाली उतरवून त्यात बिया टाकायच्या आणि पाणी निवेपर्यंत ठेवायच्या. ओरखडा नाही, काही नाही. बी जुनी असल्यामुळे भरवसा देता येणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी विचार करून सहा गुंजा मोजून दिल्या आणि पाचच्या गाडीने गेले.

ते काम मी स्वतः केलं. चार गुंजांना काहीच झालं नाही, लाल त्या लालच. दोन फुगल्या. त्या दोन मी वाळूत ठेवल्या आणि त्यांच्याकडे इतक्या वेळा जाऊन बघितलं की रुक्माबाई म्हणाल्या, पाहून पाहून थोडीच येनार हाये. आल्या नाहीत. त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली. गोविंदराव पुढच्या आठवड्यात आले तेव्हा मी त्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. बोट लावलं की पिठासारख्या होत होत्या. त्यांनी मला दोष दिला नाही, आणि त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. तेजाबात घातल्या असत्या तर, गरम पाण्यात जरा कमी वेळ ठेवल्या असत्या तर, असं मी मनात बरंच उलटंपालटं करत राहिले.

परतीच्या गाडीला वेळ होता. समोर निंबाच्या सावलीत रुक्माबाई बहाव्याच्या बिया घासत बसल्या होत्या. बहाव्यासाठी आम्ही दगडावर घासायचो किंवा नेलकटरने कोर तोडायचो. दोन्ही कामं कंटाळवाणी. बी गोल, निसटते, बोटं सोलतात, आणि घाईत कट खोल गेला तर अंकुर जखमी होतो. त्या दिवशीही दहातल्या दोन-तीन फुकट जात होत्या. गोविंदराव बसल्या जागेवरून बघत होते. त्यांची बोटं गुडघ्यावर हलत होती. शेवटी ते उठले आणि रुक्माबाईंच्या समोर पोत्यावर जाऊन बसले.

"तशी नाई, माय. चिमट्यात धरा लागते. द्या इकडे."

आमच्याकडे चिमटा नव्हता आणि कानस होती ती फावड्याला धार लावायची. तीच घेऊन त्यांनी एक बी घासली आणि मला दाखवली. डोळ्याच्या बरोबर समोर, तांदळाच्या कणीएवढी जागा, आत फिकट गर, एक पापुद्रा कमी नाही की जास्त नाही. त्यांची गाडी गेली. त्यांनी पुढच्या गाडीपर्यंत बिया घासल्या आणि तीही जवळजवळ चुकवली.

त्यांना मी दुसऱ्या दिवशी या असं म्हटलं नव्हतं. ते पहिल्या गाडीने आले. रात्रभर पाण्यात ठेवलेल्या बहाव्याच्या बिया मी त्यांच्यासमोर परातीत ओतल्या. सगळ्या दुप्पट फुगलेल्या, चमक गेलेली, कवच मऊ. त्यांनी एक उचलून तळहातावर तोलली, मग कोरडी एक दुसऱ्या हातावर. फुगलेली पुन्हा परातीत ठेवली. त्या बिया पेरल्या, आणि आठवडाभरात वाफा असा हिरवा झाला की बाया मुद्दाम त्या बाजूने जाऊ लागल्या.

मी गुंजांचा विषय काढला नाही. तो त्यांचा होता. ते मधल्या काळात बरेचदा आले, आता स्वतःची कानस आणि चिमटा घेऊन, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेले. बहावा संपला तसा त्यांनी रिठा, मग खैर मागितला. बायांशी त्यांची चांगली गट्टी जमली. कुणाच्या मंगळसूत्राचा फासा सैल झाला असेल तर तिथल्या तिथे दाबून द्यायचे.

मग एक दिवस सुनील आला. बापाला शोधत, मोटारसायकलवर, दुकानाच्या कपड्यांत. गोविंदराव पोत्यावर बसलेले, धोतराला माती, आजूबाजूला बाया. त्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला की मॅडम, लोकं बोलायला लागलीत. एवढं दुकान, आणि बापाला रोपवाटिकेत मजुरीला पाठवतो म्हणतात. तो उद्धट नव्हता. खरोखर अडचणीत होता, आणि त्याचं दुखणं मला समजत होतं. मी म्हटलं, मी काही त्यांना बोलावत नाही, तुम्हीच विचारा.

गोविंदरावांनी कानस खाली न ठेवता उत्तर दिलं. "तुह्या दुकानात मी बसतो तवा गिऱ्हाईक मशीनकडे पाह्यते. बराबर हाये, मशीन चुकत नाई. पन मंग मी कायले बसू? इथं हे बाया मले विचारते, काका, हे ठीक हाये काय."

रुक्माबाईंनी सुनीलला बसायला पोतं दिलं, ते मात्र त्याने नाकारलं. बापाला मोटारसायकलवर घेऊन गेला. पुढच्या वेळी गोविंदराव आले ते त्याच्याच मागे बसून, आणि संध्याकाळी तो न्यायला आला. येताना बायांसाठी गरम कचोऱ्या आणल्या होत्या.

त्याच दिवशी गोविंदरावांनी डबी काढली. आम्ही सगळ्या होतो. त्यांनी गुलाबी कागद उलगडून मांडीवर पसरला आणि सुनीलला जवळ बोलावलं. आजोबांच्या या गुंजा त्याने कधी नीट बघितल्याही नव्हत्या. त्यांनी एक एक करून त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाले, पाह्य, कुठं ओरखडा हाये काय. सुनीलने खरंच बघितलं, उजेडाकडे धरून, आणि नाही म्हणाला. मग त्यांनी पहिली गुंज परत घेतली आणि चिमट्यात धरली.

"गुंज म्हनून यायनं लई काम केलं," ते म्हणाले. "आता बी होऊ द्या यायले."

मी डोळ्याची जागा दाखवायला पुढे झाले होते, पण ती त्यांना माझ्याइतकीच माहीत झाली होती. कानशीचा आवाज बहाव्यापेक्षा वेगळा आला, कठीण, काचेसारखा. लाल भुकटी कागदावर पडली. फिकट रेघ दिसली तशी त्यांनी फुंकर मारली आणि गुंज मला दिली. डबीतल्या निम्म्या घासल्या आणि निम्म्या तशाच ठेवल्या. त्या का ठेवल्या हे मी विचारलं नाही.

रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी पाहिलं तर बहुतेक फुगल्या होत्या. लाल रंग फिका पडून कवच चिरायला लागलं होतं. पण जुनी बी ती जुनीच. वाळूत घातल्यावर निम्म्याहून जास्त सडल्या. एकीचा अंकुर आला आणि मुंग्यांनी खाल्ला. मग एका सकाळी रुक्माबाई मला बोलवायला आल्या, आणि पुढे चालू लागल्या. वाळूतून एक वाकडी मान वर आली होती, डोक्यावर लाल टोपी तशीच. दोन दिवसांत ती टोपी गळून दोन जाड हिरवी पानं उघडली. त्यानंतर आणखी दोन आल्या. एकूण तीन.

गोविंदराव बघायला आले तेव्हा वाफ्याजवळ उकिडवे बसले. मी त्यांच्याकडे बघणं टाळलं, कारण त्यांना कुणी बघू नये असं वाटत असावं. उठताना त्यांनी रुक्माबाईंना नमस्कार केला, मग मला. मी लहान, मला संकोच झाला. सुनीलला त्यांनी तिथूनच फोन लावला आणि एकच वाक्य बोलले, आलं म्हणून.

एक रोप रोपवाटिकेत लावलं. दुसरं सुनीलच्या घरासमोर. तिसरं अचलपूरच्या एका शाळेच्या अंगणात, त्यांच्या जुन्या गल्लीजवळ. रोपवाटिकेतलं पुढे बांधकामात गेलं, ते मला निवृत्तीनंतर कळलं. सुनीलच्या घरचं चांगलं आहे पण तारांखाली आलं म्हणून दर वर्षी छाटतात. शाळेतल्याला कुणी हात लावला नाही.

निवृत्त झाल्यावर मी अकोल्याला मुलाकडे आले. फ्लॅटच्या गच्चीवर चार कुंड्या आहेत, त्यात तुळस, कोरफड, कढीपत्ता. शेजारपाजारचे बायका-पुरुष कधीमधी बिया घेऊन येतात, मी सांगते कसं करायचं. बरं चाललंय. जी हजारो रोपं आम्ही ट्रॅक्टरमध्ये भरून पाठवली त्यातली किती जगली हे मी कधी मोजायला गेले नाही, आणि आता जाणारही नाही. जायच्या वाटेवर एखादा बहावा पिवळा झालेला दिसला की मनात म्हणते, असेल आपला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सुनीलचा फोन आला. शाळेतल्या झाडाला शेंगा धरल्यात, बाबा म्हणतात तुम्ही या. रुक्माबाई आता लेकीकडे असतात, त्यांना परतवाड्यात बसमध्ये घेतलं आणि आम्ही दोघी अचलपूरला गेलो.

झाड दुमजली इमारतीच्या उंचीला आलं होतं. शेंगा पिळवटून फुटल्या होत्या आणि खाली मातीत लाल ठिपके पडले होते. शाळेला सुट्टी होती, तरी गल्लीतल्या मुली गुंजा वेचत होत्या. फ्रॉकच्या ओच्यात भरून घेऊन त्या आपसात भांडत होत्या, कुणाकडे जास्त म्हणून. गोविंदराव खुर्चीत बसून होते. खूप थकले होते. उजवा हात थरथरत होता, चहाची बशी सुनील धरायचा. एका मुलीने त्यांना विचारलं की आजोबा, याचं काय करते? ते म्हणाले, "खेळते." ती समाधानाने निघून गेली.

रुक्माबाईंनी झाडाच्या बुंध्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, लई झालं बापा. मग जेवलो, सुनीलच्या बायकोने रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. निघताना गोविंदरावांनी वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी माझ्या हातात दिली. नव्या झाडाच्या गुंजा आहेत, एवढंच म्हणाले.

रुक्माबाई परतवाड्यात उतरल्या. गाडी सुटल्यावर मी पुडी उघडली. मूठभर गुंजा होत्या. एक हातात घेऊन उजेडाकडे धरली, मग दुसरी, मग सगळ्या एकेक करून पाहिल्या. प्रत्येकीला कानस लावलेली होती. डोळ्याच्या बरोबर समोर, कणीएवढी जागा, आत फिकट गर. काहींच्या कडेला कानस घसरल्याचे बारीक ओरखडे होते, पण एकीचाही अंकुर दुखावलेला नव्हता. त्या हाताने हे करायला त्यांना किती दुपारी लागल्या असतील कोण जाणे.

घासलेली बी ठेवून चालत नाही. दमट हवेत खराब होते. ती लावावीच लागते, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं. अकोल्याला घरी पोचले, सून म्हणाली आई, आधी हातपाय धुवा, जेवायचं वाढते. मी म्हटलं, थांब जरा, आणि तिच्याकडून मोठं पातेलं मागून घेतलं.